धन्वंतरी महाल, संगणक आणि संशोधनाच्या पैशाची मुदत

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला बृहदीश्वराच्या मंदिरातील भोसले घराण्याचा प्रदीर्घ शिलालेख, सरस्वती महालातील मोडी कागद आणि व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत कावेरीच्या खोऱ्यात नांदलेले मराठी राज्य आठवते. प्रस्तुत लेखाचा विषय त्या वैभवाच्या एका कमी परिचित दालनाशी, राजवाड्यातील धन्वंतरी महालाशी, निगडित आहे. तेथून तो आजच्या एका व्यावहारिक प्रश्नाकडे जातो. गर्भाशयमुख, गर्भाशय व बीजांडकोश यांच्या कर्करोगांवर कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग व्हावा म्हणून जे संशोधन चालले आहे, त्याला पैसा किती मिळतो, किती काळासाठी मिळतो आणि तो नेमका कशावर खर्च व्हावयास हवा, हा तो प्रश्न होय.

सरफोजीराजे (दुसरे) १७९८ मध्ये तंजावरच्या गादीवर आले. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला, वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा एक पंचमांश एवढेच राहिले. सैन्य नाही, करवसुली नाही, राज्यविस्ताराची आशा तर नाहीच. आमच्या व्यवसायाच्या भाषेत बोलावयाचे तर ठरावीक उत्पन्नावर जगणारा हा एक प्रतिष्ठित निवृत्तिवेतनधारक. त्या उत्पन्नातून राजांनी हस्तलिखिते जमविली, छापखाना घातला आणि धन्वंतरी महाल ही रुग्णालय व संशोधन अशी दुहेरी संस्था चालविली. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी व पाश्चात्त्य या चारही पद्धतींचे जाणकार एकत्र काम करीत. अनुभवास उतरलेले उपचार तमिळ पद्यात बांधून ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या ग्रंथमालेत संग्रहित झाले.

याच महालातील डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी सरस्वती महालात जतन झाल्या आहेत. चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी अलीकडच्या काळात त्यांचा अभ्यास केला. इंग्रजीत लिहिलेल्या या कागदांवर रुग्णाची तक्रार, केलेला उपचार आणि पुढे त्याचे काय झाले याची नोंद आहे. काहींसोबत त्या त्या रुग्णाच्या डोळ्याचे रंगीत चित्रही आहे. शस्त्रक्रिया राजे स्वतः करीत की त्यांच्या पदरचे वैद्य करीत, यावर पुष्कळ लिहिले जाते; त्या वादात येथे शिरावयाचे कारण नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की एका कागदावर चित्र आहे, निदान आहे आणि परिणामही आहे. दोनशे वर्षांपूर्वी चित्रकाराला व लेखनिकाला पगार देऊन हे तिन्ही एकत्र ठेवण्याची व्यवस्था कोणीतरी केली होती. संगणकाला रोग ओळखावयास शिकविण्यासाठी आजही नेमके हेच तीन रकाने लागतात.

संगणक शिकतो म्हणजे काय

कृत्रिम बुद्धिमत्ता या शब्दाभोवती बरेच गूढ निर्माण झाले आहे. बँकेत काम करणाऱ्यास ते समजावून घेणे तितकेसे कठीण नाही. कर्जाच्या अर्जांना गुण देणारी प्रणाली आपण वापरतो. ती कशी तयार होते? हजारो जुन्या कर्जदारांची माहिती संगणकास दिली जाते आणि प्रत्येकाच्या नावापुढे एक शेवटचा रकाना असतो : कर्ज फेडले की थकले. उत्पन्न, व्यवसाय, तारण इत्यादी तपशील आणि हा शेवटचा रकाना यांतील संबंध संगणक शोधतो. कर्ज दिल्याच्या दिवशीच खातेवही बंद करून ठेवली, तर अर्ज लाखभर असले तरी संगणक काहीही शिकू शकत नाही.

कर्करोगाचेही तसेच आहे. गर्भाशयमुखाचे छायाचित्र, पॅप चाचणीची काचपट्टी किंवा सोनोग्राफीचे चित्र हा झाला अर्ज. ‘या स्त्रीला पुढे कर्करोग झाला काय’ हा झाला शेवटचा रकाना. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तो भरावयास फार काळ लागतो. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा (एचपीव्ही) संसर्ग दीर्घकाळ टिकला तरच हा रोग होतो आणि संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास सामान्यतः १५ ते २० वर्षांचा असतो. मधल्या काळात कर्करोगपूर्व बदल दिसतात. ते वेळीच सापडले तर साध्या उपचाराने नाहीसे करता येतात. असे असूनही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया त्याने मृत्युमुखी पडल्या.

या क्षेत्रातील सर्वांत गाजलेले यश २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या संशोधकांनी संगणकास गर्भाशयमुखाची छायाचित्रे पाहून कर्करोगपूर्व बदल ओळखावयास शिकविले. अचूकतेच्या ज्या मापात १ म्हणजे परिपूर्ण, त्यात संगणकास ०.९१ गुण मिळाले. त्याच छायाचित्रांच्या तज्ज्ञांनी केलेल्या वाचनास ०.६९ आणि पॅप चाचणीस ०.७१. वृत्तपत्रांनी संगणकाचे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. परंतु ही छायाचित्रे आली कोठून? मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका देशाच्या ग्वानाकास्ते प्रांतात १९९३ पासून ९,४०६ स्त्रियांची पाहणी सुरू झाली होती. त्यांचा सात वर्षे पाठपुरावा झाला आणि कर्करोग नोंदणीशी ताळा घालून १८ वर्षांपर्यंतचे कर्करोग शोधले गेले. त्या काळी या कामी पैसा मंजूर करणाऱ्यांच्या मनात आजचा संगणक नक्कीच नव्हता. त्यांनी पैसा दिला तो वही उघडी ठेवण्यासाठी.

पुढे याच पद्धतीचे संगणकीय नमुने वेगळ्या कॅमेऱ्याने व वेगळ्या देशात टिपलेल्या छायाचित्रांवर लावले, तेव्हा निकाल तितके चांगले येईनात. म्हणजे ग्वानाकास्तेच्या वहीवर शिकलेला संगणक बार्शीत किंवा कुंभकोणमला तसाच चालेल असे गृहीत धरता येत नाही. आपल्या स्त्रियांसाठी आपली वही हवी.

बार्शीची वही

अशी वही महाराष्ट्रात आहे, ही अभिमानाची गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिले ग्रामीण कर्करोग नोंदणी केंद्र सुरू झाले. खेड्यात रोगनिदानाची सोय नाही, रुग्ण कोणत्या शहरात जाऊन उपचार घेईल याचा नेम नाही. म्हणून येथील कर्मचारी गावोगाव फिरून माहिती मिळवू लागले. या पायावर १९९९ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा प्रयोग उभा राहिला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ समूह आणि चार गट. तीन गटांत प्रत्येकी एका पद्धतीने, म्हणजे एचपीव्ही चाचणी, पॅप चाचणी अथवा सौम्य ॲसिटिक आम्ल लावून केलेली डोळ्यांनी तपासणी, आयुष्यात फक्त एकदा चाचणी झाली. चौथ्या गटात नेहमीची आरोग्यसेवा तेवढी चालू राहिली.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४ मृत्यू, चाचणी न झालेल्या गटात ६४. एका चाचणीने मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला होता. या प्रयोगाला बिल अँड मेलिंडा गेट्स प्रतिष्ठानाचे अर्थसाहाय्य एका आंतरराष्ट्रीय आघाडीमार्फत मिळाले. निकालाचे कौतुक झाले तसेच, चौथ्या गटातील स्त्रियांना चाचणीविना का ठेवले, अशी कठोर टीकाही पुढे झाली. ग्रामीण भारतात त्या वेळी अशी तपासणी प्रचलितच नव्हती, हे त्यावरचे उत्तर. ते उत्तर तर्कशुद्ध असेलही. पण ६४ हा आकडा वाचून पान उलटणे सोपे जात नाही. संशोधनाच्या ताळेबंदात देणगीदारांचे नाव येते, तसे या स्त्रियांचेही यावयास हवे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पाठपुराव्यासाठी पैसा चालू राहिला की काय घडते, याचे आणखी एक उदाहरण याच वर्तुळातले आहे. २००९ मध्ये बार्शी, पुणे, मुंबई व तमिळनाडूतील अंबिलिक्कै यांसह देशातील काही केंद्रांत मुलींना एचपीव्ही लसीच्या दोन व तीन मात्रा देऊन तुलना करण्याचा प्रयोग सुरू झाला. दुसऱ्याच एका लसीकरण प्रकल्पावरून वाद उद्भवला आणि २०१० मध्ये शासनाने लसीकरण थांबविले. हजारो मुलींची मात्रा अपुरी राहिली. सामान्यतः अशा वेळी प्रकल्पाची फाइल बंद होते. येथे मात्र मुलींचा पाठपुरावा दहा वर्षे चालू ठेवला गेला. एकच मात्रा मिळालेल्या मुलींनाही संरक्षण लाभल्याचे त्यातून २०२१ मध्ये पुढे आले, आणि पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला तेव्हा विचारात घेतलेल्या पुराव्यांत हा पुरावा होता.

मुदतींचा मेळ

आता पैशाकडे वळू. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र शासनाने १०,३७१.९२ कोटी रुपयांच्या इंडिया-एआय मिशनला मंजुरी दिली. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या समन्वयाने चालणारे राष्ट्रीय कर्करोग जाल, ज्यात ३०० हून अधिक रुग्णालये व संस्था आहेत, आणि हे मिशन यांनी मिळून २०२५ मध्ये कर्करोगासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रकल्पांना ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची योजना जाहीर केली. यशस्वी प्रकल्पांच्या विस्तारासाठी एक कोटीपर्यंत तरतूद आहे. जैवतंत्रज्ञान क्षेत्रातील नवउद्योगांना ‘बायरॅक’ ही शासकीय संस्था ५० लाखांपर्यंत आरंभीचे अनुदान देते. त्याची मुदत १८ महिने. पुण्याच्या पेरिविंकल टेक्नॉलॉजीजने गर्भाशयमुखाचे छायाचित्र घेणारे हातात मावेल असे उपकरण, तर बंगळुरूच्या आइंड्रा सिस्टिम्सने पॅप चाचणीच्या काचपट्ट्या वाचणारी प्रणाली विकसित केली आहे. खेड्यात रोगनिदानतज्ज्ञ नाही आणि नजीकच्या काळात येणारही नाही. तेव्हा अशा उपकरणांची गरज खरी आहे.

अडचण रकमेची नाही. अडचण मुदतीची आहे. अनुदान दीड वर्षाचे आणि रोगाची वाटचाल १५ वर्षांची. कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना सामाजिक दायित्वासाठी नफ्याच्या सरासरीच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते. पण तेथेही चालू प्रकल्पाची कमाल मर्यादा आरंभाचे वर्ष सोडून तीन वर्षे, आणि एखाद्या संस्थेच्या स्थायी निधीत टाकलेली रक्कम २०२१ पासून या खर्चात धरली जात नाही. अल्प मुदतीच्या ठेवी घेऊन दीर्घ मुदतीचे कर्ज वाटणाऱ्या बँकेचे काय होते, हे आमच्या सहकाऱ्यांना सांगावयास नको. संशोधनातही तेच होते. दीड वर्षात दाखविता येईल असेच काम हाती घेतले जाते : जुनी छायाचित्रे, तज्ज्ञाचे तात्पुरते मत हाच ‘शेवटचा रकाना’, आणि अचूकतेची टक्केवारी.

ही टक्केवारी किती फसवी असू शकते, ते बीजांडकोशाच्या कर्करोगावरून दिसते. ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ या काळात २,०२,६३८ स्त्रिया एका प्रयोगात सहभागी झाल्या. रक्तचाचणी व सोनोग्राफी यांच्या साहाय्याने कर्करोग लवकर सापडावा हा हेतू. रक्तचाचणीच्या गटात अधिक स्त्रियांचे रोग तुलनेने लवकरच्या अवस्थेत सापडलेही. पाठपुरावा सोळा वर्षांवर गेला आणि २०२१ मध्ये अंतिम निकाल आला : मृत्यू कमी झाले नव्हते. लवकर सापडणे आणि जीव वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळावयास तेवढी वर्षे लागली. उद्या एखाद्या संगणकाने बीजांडकोशाचा कर्करोग सोनोग्राफीत आधी ओळखल्याची बातमी आली, तर वाचकांनी हा प्रयोग जरूर आठवावा.

पुन्हा तंजावर

तंजावरचा या विषयाशी संबंध केवळ ऐतिहासिक नाही. तमिळनाडूने जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य आरोग्य व्यवस्था प्रकल्प हाती घेतला, तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी २००७ मध्ये दोन जिल्हे निवडले गेले : तेनी आणि तंजावर. ३० ते ६० वयाच्या स्त्रियांची प्राथमिक आरोग्य केंद्रात आम्ल व आयोडीन लावून तपासणी आणि संशयित स्त्रियांना मोठ्या रुग्णालयाकडे पाठविणे, असे त्याचे स्वरूप होते. तेथून तो कार्यक्रम राज्यभर गेला. तंजावरपासून दीडेकशे किलोमीटरवरील दिंडिगल जिल्ह्यात त्याआधीच प्रशिक्षित परिचारिकांकडून अशी तपासणी करून मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी करता येतात, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखविले होते.

फळ दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या ज्या स्त्रियांनी ही तपासणी एकदा तरी करून घेतली होती, त्यांचे प्रमाण देशात १.९ टक्के होते, तर तमिळनाडूत ९.८ टक्के. देशात पुढे असणे ते हे. जागतिक आरोग्य संघटनेचे २०३० चे उद्दिष्ट ७० टक्के स्त्रियांचे आहे.

अशा कार्यक्रमांत सर्वत्र एक गळती असते. पहिल्या तपासणीत संशयित ठरलेली स्त्री दुसऱ्या तपासणीस पोचत नाही. भाताची लावणी असते, बसचे भाडे असते, घरी सासूला सांगावयाचे कसे हा प्रश्न असतो. आणि काही दुखत नसताना तालुक्याच्या रुग्णालयात का जावयाचे, हे तिला पटविणारे कोणी नसते. संगणक छायाचित्र तत्काळ वाचून त्याच जागी निर्णय सांगू शकला, तर एक फेरी वाचेल. त्याचा खरा लाभ हा आहे. परंतु उपचाराची सोय आणि त्यानंतर तिच्या दारी जाऊन चौकशी करणारी व्यक्ती नसेल, तर तिच्यासाठी काहीच बदलत नाही आणि वहीतील शेवटचा रकानाही कोरा राहतो.

दारी जाणारी, नोंद ठेवणारी ही व्यक्ती कोणत्या पैशातून पोसावयाची? येथे सरफोजीराजांचाच आधार घ्यावासा वाटतो. तंजावरच्या मराठी राजांनी रामेश्वरच्या यात्रामार्गावर छत्रे बांधली होती. ती आपल्याकडेच राहावीत म्हणून राजांनी १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहिले. छत्रात आजारी पडलेल्या वाटसरूला बरा होईपर्यंत औषध व पथ्य मिळते, अडलेल्या स्त्रीचे बाळंतपण होते व नंतरही तिची सोय पाहिली जाते, असा तपशील त्यात आहे. पुढील वर्षी ओरत्तनाडू येथे त्यांनी मुक्तांबाळ छत्र उभारले. या छत्रांना जमिनी लावून दिलेल्या असत. मुद्दल हलवावयाचे नाही, उत्पन्नावर काम चालवावयाचे, ही त्यामागील योजना होती.

याच रीतीने हिशेब मांडून पाहू. एका नोंदणी कर्मचाऱ्यास महिना २५ हजार रुपये धरले, तर वर्षाला तीन लाख होतात. ठेवीवर साडेसहा टक्के व्याज गृहीत धरल्यास त्यासाठी सुमारे ४६ लाखांची ठेव लागेल. महागाईसाठी काही व्याज मुद्दलात परत टाकावयाचे म्हटले, तर ती आणखी मोठी असावी लागेल, हे खरे. तरीही एका अल्पमुदतीच्या अनुदानाएवढ्या रकमेत एका तालुक्याची वही कायम उघडी राहू शकते. तंजावरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, संगणकशास्त्र शिकविणारे शास्त्र विद्यापीठ आहे, २००७ पासूनचा तपासणीचा अनुभव आहे. बार्शीला तर नोंदणीच आहे. व्यक्तिगत देणगीदार, कुटुंबांचे न्यास व सेवानिवृत्त ग्राहक यांच्यावर कंपन्यांचे नियम लागू नाहीत. ते स्थायी निधीस देणगी देऊ शकतात. स्मृतिप्रीत्यर्थ देणगी देण्याविषयी ग्राहक शाखेत विचारणा करतात, तेव्हा बहुधा एखादे यंत्र किंवा खोली यांचाच विचार असतो, कारण त्यावर नावाची पाटी लावता येते. नोंदवहीवर पाटी लागत नाही. संबंधित संस्थेस मात्र तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात : संशयित ठरलेल्यांपैकी किती स्त्रियांचा उपचार पूर्ण झाला, पाच वर्षांनंतर त्यांची विचारपूस कोण करणार, आणि छायाचित्रे संशोधनासाठी वापरण्यास त्यांची समजून-उमजून दिलेली संमती आहे काय.

संगणक येईल तेव्हा येईल. तपासणी आजही उपलब्ध आहे. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांनी दर पाच वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावयाची असते आणि शासकीय आरोग्य केंद्रांतून तिची व्यवस्था अपेक्षित आहे. एचपीव्ही चाचणी खाजगी प्रयोगशाळांतही होते. तिच्यासाठी स्त्रीने स्वतः घेतलेला नमुनाही जागतिक आरोग्य संघटनेने ग्राह्य मानला आहे. अहवालाची प्रत बँकेच्या पासबुकाप्रमाणे जपून ठेवावी आणि पुढील तपासणीची तारीख त्यावरच लिहून घ्यावी.